८३ टक्क्यांवर अडलेली फाइल

फाइल ४.७ जीबीची, म्हणजे ४७० कोटी बाइट. लाइनचा वेग सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे २० लाख बिट. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला अडीच लाख बाइट उतरणार आणि सगळं सुरळीत चाललं तरी सव्वापाच तास लागणार. रात्री डाउनलोड लावून झोपावं, सकाळी बघावं तर ८३ टक्क्यांवर ‘नेटवर्क एरर’. मग वैतागून ती अर्धवट फाइल डिलीट केली जाते आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. उतरलेले बाइट डिस्कवर शाबूत असतात, ते फेकायचं काहीच कारण नसतं.

मुळात लाइन संथ आहे म्हणून डाउनलोड तुटत नाही. फाइल पॅकेटांमधून येते. एका पॅकेटात साधारण १,४६० बाइट धरले तर आपल्या फाइलची ३२ लाख पॅकेटं होतात. आलेल्या बाइटांची पोच सर्व्हरला जात राहते आणि पोच नाही मिळाली तर तेवढा भाग तो पुन्हा पाठवतो. हे काम टीसीपीचं, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नियमांच्या एका संचाचं, आणि टीसीपी फार चिवट आहे. हा चिवटपणा एकदा अंगलटही आला होता. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कलीचं विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर जेमतेम ४०० यार्ड! पॅकेटं हरवत होती, जो तो ती पुन्हा पाठवत होता आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. त्याच प्रयोगशाळेतले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर उपाय मांडला: पॅकेट हरवलं तर पुढे गर्दी आहे असं समजून वेग कमी करायचा. या विचाराचा ठसा आजच्या टीसीपीवरही आहे. म्हणून खराब लाइनवर डाउनलोड आधी रेंगाळतं, लगेच तुटत नाही.

तुटतं ते ओळख बदलल्यामुळे. टीसीपीचं कनेक्शन चार गोष्टींवरून ओळखलं जातं: दोन्हीकडचे आयपी पत्ते (नेटवर्कवरचे क्रमांकी पत्ते) आणि दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक (डेटा यंत्रातल्या कोणत्या प्रोग्रामसाठी ते सांगणारे). राउटर बंद होऊन सुरू झाला आणि नवा पत्ता मिळाला, किंवा फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला, की सर्व्हरच्या लेखी तुम्ही कुणी नवेच. वेगवान लाइनवर पाच मिनिटं टिकलं तरी भागतं. संथ लाइनवर तेच कनेक्शन पाच तास टिकावं लागतं. अडचण आहे ती एवढीच.

आता ती अडलेली फाइल जवळून पाहू. डिस्कवर ३,९१,२४,५०,०४८ बाइट उतरलेले आहेत. डाउनलोड मॅनेजर नवं कनेक्शन उघडून सर्व्हरला म्हणतो, बाइट क्रमांक ३९१२४५००४८ पासून पुढचं द्या. (मोजणी शून्यापासून होते, म्हणून पुढच्या बाइटचा क्रमांक तोच येतो.) सर्व्हरने २०६ हा कोड दिला तर जिंकलो: उरलेलं काम तासाभराच्या आतलं. २०० आला तर त्याला मधून द्यायला जमत नाही, तो पूर्ण फाइल पहिल्यापासून पाठवतो. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीत ही सोय १९९७ पासून आहे. सर्व्हरवरची फाइल मधल्या काळात बदलली तर जुना अर्धा आणि नवा अर्धा जोडला जाऊ नये म्हणून ईटॅग नावाची खूणही तपासता येते. ब्राउझरचं ‘रिझ्यूम’ दरवेळी साथ देतंच असं नाही. मोठ्या फाइलसाठी मी ‘विगेट’ किंवा ‘एरिया२’सारखं साधन वापरा असंच सांगेन.

तरीही पुन्हापुन्हा तुटत असेल तर सेटिंग बदलत बसण्याआधी एक करा: प्रत्येक वेळी किती बाइटांवर आणि किती वेळाने थांबलं ते लिहून ठेवा. दरवेळी त्याच बाइटावर थांबत असेल तर इंटरनेटला दोष देऊ नका, डिस्क बघा. जागा संपली असेल, किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल. तिथे एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट आहे, त्यामुळे आपली फाइल तिथे मावणारच नाही. ठरावीक वेळाने थांबत असेल तर संगणक झोपी जात असेल, मधला प्रॉक्सी (तुमच्या आणि सर्व्हरच्या मधला मध्यस्थ संगणक) कनेक्शन तोडत असेल किंवा लिंकचीच मुदत संपत असेल. लिंकची मुदत संपली असेल तर पानावरून ताजी लिंक घेऊन जुन्या अर्धवट फाइलला जोडता येते. कधी इथे तर कधी तिथे थांबत असेल तरच वायफाय आणि लाइनकडे वळा. राउटरला थेट केबल लावून पाहणं ही पहिली पायरी.

तुकडे जोडून पूर्ण झालेली फाइल उघडण्याआधी तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ठसा) काढा आणि ६४ अक्षरी उत्तर पानावर दिलेल्या उत्तराशी ताडून बघा. एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी उत्तर पार वेगळं येतं. मात्र चूक कुठे आहे ते त्यातून कळत नाही, सगळं पुन्हा उतरवावं लागतं. ती फाइल टॉरेंटवर (जिथे फाइल अनेकांकडून तुकड्यातुकड्याने उतरते) अधिकृतपणे उपलब्ध असेल तर तेही टळतं: तिथे प्रत्येक तुकड्याचा हॅश वेगळा असतो. हाताशी असलेली फाइल तपासायला दिली की तो खराब तुकडा तेवढा शोधून पुन्हा मागवला जातो.