क्लच दाबला की लिफ्ट का थांबते? जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची पार्श्वभूमी

पावसाळ्याच्या तोंडावर मामा डभोईकडून आपला जुना पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर घेऊन बडोद्याला आले. मकरपुऱ्याच्या एका गॅरेजात मीही सोबत गेलो. तक्रारी तीन होत्या. क्लच पूर्ण दाबला की लिफ्ट, म्हणजे मागचं औजार तेलाच्या दाबानं उचलणारी यंत्रणा, आहे तिथे थांबते. इंजिन बंद केलं की उचललेला कल्टिव्हेटर दहा मिनिटांत जमिनीला टेकतो. आणि मागाहून बसवून घेतलेलं पॉवर स्टिअरिंग जड झालंय. आधीच्या गॅरेजवाल्यानं पंपच बदलायला सांगितला होता. इथल्या मिस्त्रींनी पहिली तक्रार ऐकली आणि हसले. "दादा, हे दुखणं नाही. तो तसाच जन्मलाय."

मामांच्या ट्रॅक्टरच्या लिफ्टचा हा जन्म आयर्लंडमधला. हॅरी फर्ग्युसन हा शेतकऱ्याचा मुलगा, १८८४ सालचा. आयर्लंडमध्ये स्वतःचं विमान बांधून पहिल्यांदा उडवणारा माणूस तोच, ३१ डिसेंबर १९०९ रोजी. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारनं त्याला शेतांवरचे ट्रॅक्टर बघायला नेमलं. तेव्हा नांगर ट्रॅक्टरमागे साखळीनं ओढत. फाळ दगडात अडकला की पुढची चाकं उचलली जायची आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर पडायचा. फर्ग्युसननं उपाय काढला तो असा: नांगर ओढायचाच नाही, तीन जागी जोडून ट्रॅक्टरचाच भाग करायचा. खाली दोन आर्म, वर एक टॉप लिंक. जमीन घट्ट लागली की टॉप लिंक पुढे रेटली जाते, तो रेटा एका स्प्रिंगमधून व्हॉल्व्हपर्यंत पोचतो आणि लिफ्ट नांगर किंचित वर घेते. माती मऊ झाली की परत खाली. १९२५-२६ मधल्या त्याच्या पेटंटचं सार हेच. आपण ज्याला ड्राफ्ट म्हणतो ते हे.

डभोईकडच्या काळ्या जमिनीत या ड्राफ्टचा लिव्हर खरा उपयोगाचा, पण बहुतेकांनी तो एका जागी ठेवून दिलेला असतो. मग कधी चुकून हलला की चालत्या कामात लिफ्ट वरखाली नाचते आणि लोक पंपाला शिव्या घालतात. पंप बिचारा हुकूम पाळत असतो.

आता क्लचचं. १९३८ साली फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि १९३९ मध्ये फोर्ड ९एन आला. युद्धानंतर, १९४६ पासून, कॉव्हेन्ट्रीत फर्ग्युसनचा स्वतःचा टीई-२० निघू लागला. दोन्हींत पंप गिअरबॉक्सच्या पोटात, तेलात बुडालेला, आणि पीटीओच्या, म्हणजे मागच्या औजाराला इंजिनची फिरती ताकद देणाऱ्या, शाफ्टवर फिरणारा. शाफ्ट क्लचच्या पलीकडे. म्हणजे क्लच दाबला की पीटीओ थांबला, पंपही थांबला. पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये दुहेरी क्लच आला: पेडल अर्धं दाबलं तर गाडी थांबते पण पंप चालू राहतो, पूर्ण दाबलं तर दोन्ही थांबतात. मामा तीस वर्षं पूर्णच दाबत आलेत. मिस्त्रींनी पेडलवर पाय ठेवून अर्धं अंतर दाखवलं, तेव्हा मामांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू हे मीच लपवून ठेवलं होतं.

हस्तांदोलनाचा करार फोर्डच्या नातवाच्या काळात मोडला. १९४८ साली फर्ग्युसननं दावा लावला, १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पैशांपेक्षा एक अट आपल्या कामाची: फर्ग्युसनच्या पद्धतीचा पंप आणि व्हॉल्व्ह फोर्डला सोडावा लागला. म्हणून १९५३ च्या फोर्डला थेट इंजिनवरून फिरणारा पंप मिळाला, क्लच दाबला तरी चालणारा. इकडचा नियम तिकडे लावून दुरुस्ती करायला गेलं की हमखास फसतं, त्याचं मूळ असं कोर्टात आहे.

बडोद्याचाही या गोष्टीत वाटा आहे. १९५९ मध्ये इथे हिंदुस्थान ट्रॅक्टर्स सुरू झाली, चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या घराण्यातली यंत्रं घेऊन. १९७८ मध्ये ती गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाली, पुढे महिंद्राकडे गेली. त्यामुळे या शहरातल्या जुन्या मिस्त्रींच्या हातांना फर्ग्युसन आणि झेटर ही दोन्ही घराणी ठाऊक असतात आणि गाडी आली की ते आधी विचारतात, "पंप कुठून फिरतो?"

दुसरी तक्रार मात्र खरी निघाली. इंजिन चालू असताना लिफ्ट वर धरली की दर काही सेकंदांनी उचकी लागल्यासारखी हलत होती: थोडी खाली, परत वर. म्हणजे दाबाखालचं तेल कुठून तरी निसटतंय आणि पंप ते भरून काढतोय. इंजिन बंद केलं की भरून काढणारा नाही, म्हणून कल्टिव्हेटर बसतो. पंप पार गेला असता तर लिफ्ट उचललीच नसती. थोडं तेल काढून मिस्त्रींनी बाजूचं झाकण उघडलं, कल्टिव्हेटर उचलून इंजिन बंद केलं, त्याच्याखाली कुणी नाही हे पाहिलं आणि टॉर्च आत मारली. हात घातला नाही. बारीक छिद्रातून दाबाचं तेल कातडीत घुसलं तर बोट गमवावं लागतं, हे त्यांनी एका पोऱ्याला ओरडून सांगितलं. धार लिफ्टच्या सिलिंडरच्या तोंडाशी होती. पिस्टनची सील गेलेली.

स्टिअरिंगचा इतिहास वेगळ्या वाटेनं आलाय. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिसनं १९२० च्या दशकात मोटारीला हायड्रॉलिक मदत जोडून दाखवली, विकत मिळायला १९५१ ची क्रायस्लर उजाडली. ट्रॅक्टरवर आपण जे 'ऑरबिट्रोल' म्हणून ओळखतो ते लिन चार्लसन या अमेरिकन माणसाच्या कल्पनेतून आलं: सहा दातांची चांदणी सात कप्प्यांच्या कड्यात फिरते आणि स्टिअरिंग वळवू तितकंच तेल मोजून सिलिंडरकडे पाठवते. स्टिअरिंग आणि चाकं यांच्यात लोखंडी सांधा नाहीच, फक्त तेल. इंजिन बंद असलं तरी हातानं वळतं, पण खांदे भरून येतात.

मामांच्या गाडीला याचा पंप आणि टाकी दोन्ही वेगळी, म्हणून लिफ्टचा आजार इकडे लागणं शक्यच नव्हतं. स्टिअरिंग टोकापर्यंत नेऊन मिस्त्रींनी जोर लावून धरलं. तिथूनही ते हळूहळू फिरत राहिलं असतं तर तेल आतल्या आत पळतंय असं झालं असतं. ते घट्ट थांबलं. टाकीत फेस नव्हता, म्हणजे हवाही नाही. मग पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेतला, सिलिंडरची पिन काढली आणि चाक हातानं वळवायला लावलं. मला हलेना. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनच्या ग्रीस निपलमध्ये माती बसून ग्रीस आत जाणंच बंद झालं होतं. पॉवर स्टिअरिंग आल्यापासून हात जड लागत नाहीत, त्यामुळे स्टिअरिंग इतकं जड होईपर्यंत कुणाला ते कळलंही नाही.

राहिलं तेल. गिअरबॉक्स आणि लिफ्टला एकच तेल, २५-३० लिटर, आणि ट्रेमध्ये पडलं ते ताकासारखं पांढरट. ट्रॅक्टर उघड्यावर उभा असतो आणि गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं, तिथूनच पाणी उतरत होतं. नवं रबर दोन दिवसांनी मिळणार होतं. तोवर मिस्त्रींनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला आणि दांड्याभोवती तारेनं आवळून टाकला.