थंडीत घर शिफ्ट करताय आणि सोबत फिश टँक आहे? मग फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका

नोव्हेंबर उजाडला की आमच्या पुण्यातल्या फिश टँकच्या दुकानात रोज एकच प्रश्न येतो, दादा आमची बदली झालीये, मासे एवढ्या लांब नेता येतील का? येतात. पुण्याहून नागपूरला जातात, दिल्ली-गुरुग्रामला जातात, आणि तुम्ही आमच्याकडून नेलेले मासेसुद्धा बरेचसे चेन्नई नाहीतर कोलकात्याहून अशाच पिशव्यांमधून आलेले असतात, म्हणजे हा प्रवास त्यांनी एकदा केलेलाच आहे. त्यामुळे प्रवासाची धास्ती घेऊ नका. आमचा अनुभव असा की नीट पॅक केलेले मासे वाटेत क्वचित मरतात, मरतात ते नव्या घरी पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि त्याचं कारण जवळजवळ प्रत्येक वेळी जुन्या घरातच घडलेलं असतं.

कारण सांगतो. शिफ्टिंग म्हटलं की आपल्याकडे सगळं स्वच्छ करून न्यायची पद्धत आहे, भांडी घासून, पडदे धुऊन, मग फिश टँक तरी घाण कसा न्यायचा. मागच्या जानेवारीत नागपूरला गेलेल्या एका काकूंनी तीन फुटी टँक अगदी मनापासून साफ केला, ग्रॅव्हल म्हणजे तळाची बारीक खडी सात-आठ पाण्यांनी धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली ब्रशने घासून पांढरा केला आणि गच्चीवर दोन दिवस उन्हात वाळवून डब्यात भरला. मासे आम्हीच पॅक केले होते, चौदा तासांनी पोचले, सगळे जिवंत, व्हॉट्सअॅपवर फोटो आला, आम्हालाही बरं वाटलं. चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला फोन. एंजल मासे सगळे वर येऊन तोंड उघडत होते, कल्ले लालभडक, छोटे टेट्रा मासे तळाशी पडलेले, आणि पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ. व्हिडिओ कॉलवर एक वाजेपर्यंत बसलो, पाणी बदलत राहायला सांगितलं, सहापैकी चार एंजल वाचले, टेट्रा एकही नाही. काकू रडत होत्या, मी एवढं साफ करून आणलं तरी असं कसं झालं म्हणून. साफ केलं म्हणूनच झालं होतं, पण त्या रात्री ते त्यांना सांगायचं धाडस आमच्याकडे नव्हतं, म्हणून हे पत्रक लिहून काढलं.

मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो, शिवाय विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून होतो तो वेगळा. हा अमोनिया विषारी आहे. चालू टँकमध्ये तो साठत नाही कारण फिल्टरच्या स्पंजवर, सिरॅमिक रिंग्जवर, थोडेफार ग्रॅव्हलवर बॅक्टेरिया चिकटून बसलेले असतात, ते अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट पाणी बदललं की निघून जातं. हे बॅक्टेरिया नव्या टँकमध्ये पुरेसे तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते घातलेलंच असतं बॅक्टेरिया मारायला, त्यामुळे स्पंज त्याखाली चोळून धुतला आणि वर उन्हात सुकवला की महिना-दीड महिन्याची कमाई एका दुपारी जाते. मग नव्या घरी टँक दिसायला जुना पण आतून कोरा, आणि त्यात पहिल्याच दिवशी सगळे मासे एकदम.

म्हणून स्पंजचं काय करायचं ते नीट वाचा. टँक रिकामा करायच्या आधी एका बादलीत टँकचंच पाणी काढून घ्या, त्यात स्पंज दोन-तीनदा हलक्या हाताने पिळा. चहासारखं तपकिरी पाणी सुटेल, तेवढा गाळ गेला की बास, स्पंज तपकिरीच राहिला पाहिजे, पांढरा होईपर्यंत पिळत बसू नका. मग तो ओला स्पंज आणि रिंग्ज झाकणाच्या मोठ्या डब्यात ठेवा, तळाला टँकचं एक-दोन इंच पाणी आणि वर हवेला भरपूर जागा. डबा पाण्याने काठोकाठ भरून घट्ट बंद करू नका, बॅक्टेरियालाही ऑक्सिजन लागतो, बंद पाण्यात ते गुदमरतात आणि उघडल्यावर सडका वास येतो, तसा वास आला तर तो स्पंज वापरू नका, आम्हाला फोन करा. थंडीने बॅक्टेरिया लगेच मरत नाहीत, सुस्तावतात फक्त, त्यामुळे डबा गार पडला तरी चालेल पण वाळला तर चालणार नाही. आणि हा डबा ट्रकमध्ये द्यायचा नाही, माशांसारखाच तुमच्याबरोबर गाडीत. ट्रक दोन दिवसांनी येतो, कधी पाच दिवसांनी.

बरेच जण याच्या उलट करतात, स्पंज धुतात आणि जुनं पाणी मात्र कॅन भरभरून नेतात, की सवयीचं पाणी आहे. बॅक्टेरिया पाण्यात फार नसतात हो, ते चिकटून राहणारे आहेत. वीस-तीस लिटर जुनं पाणी नेलंत तर माशांना बदल थोडा सोपा जातो एवढंच, शंभर लिटर पाणी वाहून पाठ मोडून घेऊ नका. त्यापेक्षा निघायच्या आधीचे दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी थोडं थोडं पाणी बदला, म्हणजे जुन्या साचलेल्या पाण्यातून एकदम ताज्या पाण्यात गेल्याचा धक्का कमी बसतो. आपल्याकडे खडकवासल्याचं पाणी तसं हलकं आहे, नव्या सोसायटीत बोअरचं जड पाणी असेल तर पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, वर असतो, आणि पीएच जास्त असेल तेव्हा तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून बोअरच्या पाण्यावर जाणाऱ्यांना आम्ही स्पंजबद्दल जरा जास्तच कटकट करतो.

पॅकिंगचं थोडक्यात. निघायच्या आधी छोट्या माशांना एक दिवस आणि ऑस्कर, फ्लॉवरहॉर्नसारख्या मोठ्यांना दोन दिवस खायला घालू नका. उपाशी कसे पाठवायचे म्हणून जीव तुटतो, आम्हाला कळतं, लहान मुलं असतील तर ती गुपचूप दोन दाणे टाकतातच. पण तब्येतीचा मासा आठवडाभर न खाता सहज राहतो, आणि पोट भरून पाठवलेला मासा पिशवीतल्या दोन लिटर पाण्यात सगळं बाहेर टाकतो आणि त्यातच श्वास घेत जातो. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, डबल पिशवी. प्लेको आणि कॅटफिशच्या काट्यांनी पिशवी फुटते, त्यांना दोन पिशव्यांमध्ये वर्तमानपत्र घालून देतो. फायटर मासा वेगळा, त्याला साधी हवा पुरते कारण तो वर येऊन हवेतूनच श्वास घेतो. मिस केरला ही मासळी वाहत्या नद्यांमधली, तिला ऑक्सिजन जास्त लागतो, म्हणून एका पिशवीत दोनच. यामुळे पिशव्यांची संख्या वाढते आणि बिल थोडं वाढतं, पण एका पिशवीत आठ मासे कोंबून आम्ही देत नाही, कितीही घाई असली तरी.

पिशव्या थर्माकोलच्या बॉक्समध्ये, फटींमध्ये कागद, झाकणाला टेप. आतला अंधार माशांना शांत ठेवतो, ते कमी हलतात आणि ऑक्सिजन कमी वापरतात, म्हणून दर तासाला झाकण उघडून टॉर्च मारू नका. पिशवी तर वाटेत अजिबात उघडायची नाही. धाब्यावर थांबलो होतो, जरा हवा दिली, हे आम्ही दर थंडीत ऐकतो. पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच खाली जातो, त्यामुळे साठलेला अमोनिया तितकासा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया त्याच पाण्यात विष होतो, वर आम्ही भरलेला ऑक्सिजनही गेला. घरी पोचल्यावरही हेच लक्षात ठेवा, बंद पिशवी टँकच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान सारखं करा आणि मग उघडल्यावर रेंगाळू नका, जाळीने मासे टँकमध्ये सोडा, पिशवीतलं पाणी सिंकमध्ये. दुकानातून घरी नेताना थेंब थेंब पाणी मिसळत तास-दीड तास घालवतात ते अर्ध्या तासाच्या प्रवासाला ठीक आहे, वीस तासांच्या पिशवीला नाही.

दिल्लीला गाडीने जाणार असाल तर वाटेत मुक्काम होतोच. बॉक्स हॉटेलच्या खोलीत न्या, रात्रभर उभ्या गाडीत ठेवू नका, इंजिन बंद झाल्यावर तास-दोन तासांत गाडी बाहेरच्याइतकी गार होते आणि जानेवारीत उत्तरेत रात्री पाच-सहा डिग्री काही विशेष नाही. गरम पाण्याची बाटली ठेवायची तर टॉवेलमध्ये गुंडाळून बॉक्सच्या कोपऱ्यात, पिशवीला चिकटून नको, एका बाजूने उकडलेला मासा आम्ही पाहिलाय.

आता हीटर. पुण्यात निम्म्या लोकांकडे हीटर नसतो, चालून जातं. दिल्लीत जानेवारीत नळाचं पाणी बारा-चौदा डिग्री असू शकतं आणि आपल्या एंजल-टेट्रांना पंचवीसच्या आसपास लागतं. साधा हिशोब आहे, १०० वॅटचा हीटर १०० लिटर पाणी तासाला एक डिग्रीसुद्धा चढवत नाही, म्हणजे चौदावरून पंचवीसला न्यायला बारा तासांहून जास्त, थंड खोलीत आणखी जास्त. रात्री आठला पोचून टँक भरला आणि हीटर लावला तर मासे सकाळपर्यंत पिशवीतच. म्हणून अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घातलेल्या पाण्यातलं थोडं गॅसवर तापवून मिसळा, थर्मामीटर लावून, आणि हीटर फक्त ते टिकवायला ठेवा. उत्तरेत जाणाऱ्यांना आम्ही लिटरला एक वॅटपेक्षा थोडा वरचाच हीटर देतो, मोठ्या टँकला एका मोठ्याऐवजी दोन मध्यम, कारण एक बंद पडला तरी रात्र निघते. महाग हीटर खपवायला सांगतो असं कुणाला वाटलं तर जुना हीटर घेऊन या, आम्ही बादलीत लावून थर्मामीटरने तपासून देतो, चांगला असेल तर तोच वापरा. फक्त पाण्यातून काढायच्या आधी प्लग काढून वीस मिनिटं थांबा, नाहीतर काच तडकते.

टँक पूर्ण रिकामा न्यायचा, पूर्ण म्हणजे पूर्ण. दोन इंच पाणी राहू दे, झाडं आहेत, असं म्हणून ठेवतात, तीन फुटी टँकमध्ये दोन इंच पाणी म्हणजे सतरा-अठरा किलो आणि वर ग्रॅव्हल, हे सगळं ट्रकमध्ये हिंदकळतं आणि तळाचं सिलिकॉन सुटतं. ते पाचव्या मजल्यावर भरल्यावर कळतं. झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत, ग्रॅव्हल टँकच्याच पाण्यात खळबळून बादलीत, ओलसर.

पोचल्यावर पहिला दिवस लाइट बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवसापासून चिमूटभर, रोजच्या निम्मं. पहिला आठवडा रोज अमोनियाची टेस्ट करा, किट दिसायला फालतू खर्च वाटतो पण त्या काकूंकडे किट असतं तर दुसऱ्याच दिवशी रंग हिरवा दिसला असता आणि आम्ही तेव्हाच पाणी बदलायला लावलं असतं. रंग पिवळा म्हणजे शून्य, हिरवट दिसला की पाव टँक पाणी बदला, अँटीक्लोरीन घालून आणि तापमान सारखं करून, आणि खाणं थांबवा. थंडी लागलेल्या माशांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर फोटो पाठवा, तो व्हाइट स्पॉट नावाचा रोग असतो, लवकर धरला तर बरा होतो.

काही जण विचारतात की स्पंज धुतलेला असेल तर तुम्ही माशांची जबाबदारी का घेत नाही. कारण तिथे आमच्या पॅकिंगने काही होणार नसतं, आणि तुमचे पैसे घेऊन चौथ्या दिवशी मासे मरायची वाट बघणं आम्हाला जमत नाही. पण धुऊन झाला असेलच तर लपवू नका, निघायच्या आधी सांगा. आमच्या दुकानातल्या मोठ्या टँकमध्ये आम्ही जादाचे स्पंज कायम चालवत ठेवतो, मुरलेले, म्हणजे बॅक्टेरिया बसलेले, त्यातला एक ओला डब्यात घालून देतो, आमच्याकडून पॅकिंग करणाऱ्यांना फक्त स्पंजची किंमत पडते. एका मुरलेल्या स्पंजवर सगळे मासे निघत नाहीत, निम्मे आत्ता न्या आणि निम्मे महिनाभर आमच्याकडे राहू द्या, आम्ही सांभाळतो.

तारीख ठरली की निदान पाच दिवस आधी कळवा, ऑक्सिजनचा सिलिंडर भरून ठेवायचा असतो आणि उपवासाचे दिवसही त्यातच मोजायचे. आदल्या संध्याकाळी येऊन आत्ताच्या आत्ता पॅक करा म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो, कृपया राग मानू नका. थर्माकोल बॉक्स डिपॉझिटवर मिळतात, जोपर्यंत फुटत नाहीत तोपर्यंत परत घेतो. येताना टँकची लांबी-रुंदी-उंची लिहून आणा, मासे किती आणि कोणते ते सांगा, आणि फिल्टरचं झाकण उघडून आतल्या स्पंजचा एक फोटो काढून आणा, न धुता.