‘लाइव्ह ॲट लीड्स’: एक मैफल आणि तिचे बदलत गेलेले मिक्स

‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडने १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात केलेल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी मे महिन्यात बाजारात आली. त्यानंतरच्या आवृत्त्या ऐकणाऱ्याला मात्र ती एकच रात्र प्रत्येक वेळी वेगळी भासते. या फरकांची कारणे मूळ ध्वनिमुद्रिका घडली त्या परिस्थितीत शोधावी लागतात.

१९६९च्या अमेरिका दौऱ्यात अनेक मैफली टेप करण्यात आल्या होत्या. एवढा ढीग ऐकून त्यातून निवड करण्यापेक्षा, त्या टेप जाळून नव्याने ध्वनिमुद्रण करावे असे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी ठरवले, असे ते पुढे सांगत आले आहेत. त्यासाठी लीड्स आणि दुसऱ्या दिवशी हल या इंग्लंडमधील शहरातील मैफल निवडण्यात आली. परंतु हलच्या टेपवर बास गिटारचा आवाज नीट आला नसल्याचे आढळल्याने ती बाजूला पडली.

तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस मिनिटेच मावत असल्यामुळे दोन तासांहून मोठ्या मैफलीतून जेमतेम सहा गाणी उरली आणि ‘टॉमी’ हा बँडचा रॉक ऑपेरा, म्हणजे मैफलीचा गाभाच, गळाला. ‘माय जनरेशन’च्या लांबलचक वादनात त्याचे काही तुकडे तेवढे राहिले. मिक्समध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, बास एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला इतके सुटे ठेवले आहेत, की बासवादक जॉन एन्टविसल यांची प्रत्येक सुरावट स्वतंत्रपणे ऐकता येते. टेपवरची चरचर काढलेली नव्हती. उलट ती दुरुस्त करू नये, अशी सूचनाच तबकडीच्या लेबलवर छापली होती. हा ओबडधोबडपणा जाणीवपूर्वक राखलेला होता, आणि माझ्या मते त्या मिक्सचा जोर त्यातच आहे.

१९९५ साली मूळ टेपवरून नवा मिक्स तयार झाला. सीडीवर जागा असल्याने गाणी १४ झाली, संगणकाच्या साहाय्याने चरचर पुसली गेली आणि गाण्यांमधले बोलणेही परतले. २००१च्या दोन सीडींच्या आवृत्तीत संपूर्ण ‘टॉमी’ आले, पण दुसऱ्या सीडीवर. प्रत्यक्षात ते मैफलीच्या मध्यावर वाजले होते. त्यामुळे सामग्री पूर्ण होऊनही मैफलीचा चढता क्रम मोडला, आणि ही उणीव मला चरचरीपेक्षा मोठी वाटते.

हलची मैफल २०१०च्या आवृत्तीत प्रथम समाविष्ट झाली. तपासणीत बास केवळ सुरुवातीच्या काही गाण्यांतच नसल्याचे दिसले, तेव्हा लीड्सच्या टेपवरील बास तेथे जुळवून बसवण्यात आला. या गाण्यांत आपण ऐकतो तो बास हलचा नसून आदल्या रात्रीचा आहे.