गॅस्ट्रोक्निमियस की सोलियस? पोटरीला मालिश करण्याआधी एवढं बघा

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की धावणाऱ्यांची ठरलेली तक्रार सुरू होते: रोज रोलर (स्नायूंवर फिरवायचं फोमचं नळकांडं) फिरवतो, तरी पोटरी जड ती जडच. बहुतेक वेळा रोलर चांगलाच असतो. चुकीच्या स्नायूवर फिरत असतो, इतकंच.

पोटरीत मुख्य स्नायू दोन, एकावर एक. वरचा, गॅस्ट्रोक्निमियस, सगळ्यांच्या ओळखीचा. पोटरीचा फुगवटा म्हणजे तोच. स्प्रिंट, उडी, कबड्डीतली चढाई अशा झटक्याच्या कामात तो पुढे असतो. त्याची मालिश सोपी आहे: पाय सरळ, पाऊल सैल, खाली रोलर, सावकाश एक मिनिट. पाय थोडा आत आणि थोडा बाहेर वळवला की त्याचे दोन्ही भाग येतात. तेल लावून हाताने चोळलंत तरी चालेल.

खरा घोळ सोलियसचा. हा रुंद, सपाट स्नायू वरच्याच्या खाली दडलेला असतो. गॅस्ट्रोक्निमियस मांडीच्या हाडापासून निघतो, म्हणून गुडघा ओलांडतो. सोलियस नडगी आणि तिच्या शेजारच्या हाडापासून, गुडघ्याच्या खालून निघतो. पुढे दोघे एकाच अकिलीस टेंडनने (स्नायू हाडाला बांधणारा जाड पट्टा) टाचेला जोडले जातात. म्हणून गुडघा सरळ असताना वरचा स्नायू ताणलेला राहतो आणि दाब आतपर्यंत फारसा जात नाही. गुडघा वाकवला की वरचा सैल पडतो आणि सोलियस हाताला लागतो. लांब अंतर कापताना पावलागणिक राबतो तो हाच. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून आल्यावर पोटरीच्या खालच्या अर्ध्या भागात खोलवर ठणकतं, तिथे याचाच संशय आधी घ्या.

आता पद्धत. खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात, टाच जमिनीला टेकलेली. पोटरीचा फुगवटा संपतो तिथून खाली, पण टेंडन दोरीसारखी बारीक होण्याच्या वर, हा सोलियसचा पट्टा. आतल्या बाजूने नडगीच्या कडेपासून एक बोट मागे सरका आणि दोन्ही अंगठे पोटरीच्या मध्याकडे रोखून दाबा. हाड दाबू नका; तिथे नुसतं दुखतं, सुटत काही नाही. दुखणं दहापैकी पाचच्या वर जाऊ देऊ नका. दाब तसाच धरून पाऊल पाच-सहा वेळा सावकाश वर-खाली करा. अंगठ्याखाली स्नायू सरकताना कळला पाहिजे. मग दोन बोटं वर सरका. आतून तीन-चार जागा, बाहेरून तितक्याच, एका पायाला दोन-तीन मिनिटं. इथे तेल नको, अंगठा घसरतो.

फरक पडला की नाही, हे मोजता येतं. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मालिशीआधी व नंतर बघा. अंतर वाढलं तर जागा बरोबर होती. घोट्याच्या पुढच्या बाजूला अडकल्यासारखं वाटत असेल, तर अडचण सांध्यात आहे. सोलियस रगडून उपयोग नाही.

दात-ओठ खात पोटरी काळीनिळी करणं बंद करा. मालिशीने लॅक्टिक ॲसिड 'निघून जातं' हेही सांगणं सोडा. धावून झाल्यावर तासाभरात ते शरीर स्वतःच निस्तरतं. मालिशीने घोट्याची हालचाल थोडा वेळ मोकळी होते आणि दुखणं जरा कमी जाणवतं. वेग त्यातून येत नाही. शर्यतीआधी प्रत्येक स्नायूला अर्धा मिनिट हलक्या हाताने पुरे, मग लगेच चालणं आणि हलकं धावणं. सोलियस दर आठवड्याला आखडत असेल तर तो कमजोर आहे असं धरा आणि बसून, मांडीवर वजन ठेवून टाचा उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करा.

गुडघ्याच्या मागची खळगी आणि बाहेरच्या बाजूला गुडघ्याखालचं हाडाचं टोक यांना हात लावू नका, मसाज गन (धडधड ठोके देणारं मालिशीचं यंत्र) तर मुळीच नको. तिथे नसा आणि रक्तवाहिन्या उघड्यावर असतात, स्नायूचं पांघरूण कमी. धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखी कळ आली तर स्नायू फाटलेला असू शकतो, मालिश थांबवा. एकच पोटरी सुजली, गरम लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.