बंधाऱ्यापाशी साचणारा व वाहून जाणारा गाळ : पार्श्वभूमी

चीनमधील मिन नदीवर इ.स.पू. 256 च्या सुमारास उभारलेल्या दुजियांगयान या सिंचन व्यवस्थेत नदीच्या वळणाचा उपयोग करून बहुतांश दगडगोटे कालव्याबाहेर ठेवले जात. तेथील दंडक दुहेरी होता : पात्र खोल उपसावे आणि बांध ठेंगणा ठेवावा. एकोणिसाव्या शतकात कालव्यांच्या मुखाशी तळालगत उघडणारे दरवाजे रूढ झाले. वाहते पाणी तळाला किती ओढ देते याचा हिशेब 1879 मध्ये, तर कण हलू लागण्याची मर्यादा 1936 मध्ये मांडली गेली.

यानंतरचा खरा वाद ‘बंधारा भरला’, म्हणजे गाळाने भरला, या शब्दप्रयोगाभोवती आहे. मोठ्या जलाशयात किती गाळ अडतो, हे साठवणक्षमता आणि वार्षिक येवा (वर्षभरात येणारे पाणी) यांच्या गुणोत्तरावरून सांगणारा आलेख 1953 मध्ये आला. परंतु जलाशय भरणे म्हणजे उपयोग संपणे, ही समजूत ठेंगण्या बंधाऱ्यालाही चिकटली आणि तेथेच घोटाळा झाला. गाळ हा एकच पदार्थ नव्हे. पोयटा पाण्यात तरंगत माथ्यावरून निघून जातो, वाळू पुरात हलते आणि गोटे प्रथम फुगवट्याच्या (बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्याच्या) वरच्या टोकाशी थांबतात. तेथून ते पुराबरोबर पुढे सरकत बंधाऱ्यापर्यंत उतरण तयार करतात. मोठ्या पुरात वरच्या आणि खालच्या पाणीपातळीतला फरक कमी होतो, बंधारा जवळजवळ बुडतो आणि त्या उतरणीवरून गोटेही माथा ओलांडतात. भरलेला बंधारा बहुधा नदीशी समतोल साधलेला असतो. तरीही तो उपसला की नवा खड्डा पुन्हा गोटे अडवू लागतो आणि खालचे पात्र तेवढा काळ गोट्यांविना उपाशी राहून खचते. उपसा हा पहिला उपाय मानणे म्हणूनच चुकीचे वाटते. पुराच्या वेळी तळाचे दरवाजे उघडणे अधिक नैसर्गिक आहे.

सर्व नद्यांना मात्र हे लागू नाही. अमेरिकेच्या पूर्व भागात 1840 च्या जनगणनेत 65,000 हून अधिक पाणचक्क्या नोंदल्या गेल्या. तेथील उंच मातीचे काठ नदीने घडवलेले नसून चक्क्यांच्या बंधाऱ्यांमागे साचलेल्या बारीक गाळाचे आहेत, असे 2008 मध्ये मांडले गेले आणि त्याच्या व्याप्तीवर आक्षेपही आले. अशा ठिकाणी बंधारा काढल्यास पात्र त्या थरात उगमाच्या दिशेने खोल कापत जाते. बारीक माती लवकर वाहून जाते, गोट्यांना मात्र अनेक पूर लागतात.