कुमार वास्तववादी कथात्म साहित्य (कोकण)

घराने, शाळेने किंवा गावाने बाहेर लोटलेल्या, साधारण बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचे जगणे गरिबी, मारहाण, व्यसन, लैंगिक अनुभव यांसह न झाकता मांडणारे साहित्य. अमेरिकेत १९६७ मधील एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’पासून त्याला स्वतंत्र वाचकवर्ग मिळाला, असे सामान्यतः मानतात. मराठीत ‘कुमार साहित्य’ ही संज्ञा रूढ असली, तरी तिच्यात साहसकथा, विज्ञानकथा व चरित्रे यांचाच भरणा अधिक आहे.

कोकणापुरता उगम कोठे धरावा, हा वादाचा मुद्दा आहे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. दापोली तालुक्यातील पालगडचे कर्जाने खचत गेलेले घर तीत आहे. पण गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे आणि प्रत्येक ‘रात्री’च्या दुःखावर संस्काराचा लेप आहे. म्हणून तिला पूर्वसूरी म्हणावे, आरंभ नव्हे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’चा (१९५२) नायक गावाने वाया गेलेला ठरवलेला आहे, मात्र कादंबरीचा भर त्याच्या प्रौढपणावर आहे. गो. नी. दांडेकरांची ‘शितू’ या प्रकाराला त्यातल्या त्यात जवळची वाटते. बालविधवा शितूला मोठी होण्याआधीच अपशकुनी ठरवले जाते. तिचे कोवळे वय हाच कथेचा पेच आहे. भाषा काव्यमय असल्याने तिला वास्तववादी म्हणावे की नाही, याबद्दल दुमत संभवते.

पुढे असा बाहेर लोटलेला मुलगा कथेत मुंबईत दिसू लागतो. आरवलीच्या जयवंत दळवींच्या ‘चक्र’मधील (१९६३) झोपडपट्टीतला बेनवा आणि करूळच्या मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’तील (१९६९) वस्ती ही त्याची उदाहरणे. पोर बिघडायचे ते मुंबईत, अशी जणू वहिवाटच पडली. गाव मात्र नारळीपोफळीचे राहिले.

ही वहिवाट मोडली ती आत्मकथनाने. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) रत्नागिरी परिसरातील दलित मुलीचे बालपण आहे. आई बांबूच्या टोपल्या, सुपे विणते. ती घरोघर पोचवायला गेलेल्या मुलीला उंबऱ्याबाहेर उभे करतात, टोपल्यांवर पाणी शिंपडतात आणि पैसे वरून टाकतात. हे कल्पित नाही, त्यामुळे काटेकोर व्याख्येत बसत नाही. तरीही कोकणातल्या कुमारवयाचे इतके उघडे चित्र कादंबरीने क्वचितच दिले, म्हणून ‘आयदान’ला येथे वगळणे अन्यायाचे होईल.

बोलीचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद मालवणी वा बाणकोटी वळणाचे, ही नेहमीची रीत. तीत मूल बोलीत बोलते, पण त्याच्याविषयीचा निवाडा प्रमाणभाषेत होतो.

ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाणारी पोरे आणि रायगडमधील कातकरी मुले कथात्म साहित्यात फारशी आलेली नाहीत. कातकरी कुटुंब उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा मुलाचे नाव पटावर असते. कार्तिकापासून त्याच नावापुढे गैरहजेरी लागत जाते आणि तेवढ्या काळात तो उन्हात कच्च्या विटा उलटत असतो.