गुलाबदाणीच्या पोटातली राळ

लग्नाच्या मांडवात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडणारी चांदीची गुलाबदाणी म्हणजे बैठक, फुगीर पोट, उंच मान आणि भोकांची टोपी. नक्षीचा खरा कस पोटावर.

शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून ९२.५ टक्के चांदीत बहुधा ७.५ टक्के तांबं घालतात. हा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो. स्फटिकांतले थर सरकून सरकून एकमेकांत अडकतात. मग तो पुन्हा मऊ व्हावा म्हणून ६०० ते ६५० अंश सेल्सिअसचा ताव द्यायचा, म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात जेमतेम लाली दिसेल इतकाच. ताव चुकवला तर पत्रा जिथे सर्वांत ताणलेला, त्या पानाफुलाच्या टोकाशी चीर जाते. जास्त झाला तर धातूचे स्फटिक मोठे होतात आणि पुढच्या ठोक्यांत पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो.

पोकळ पोटावर छिन्नी चालवली तर ते चेपेल. म्हणून आत राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल वितळवून ओततात. थंडीत तेल जरा जास्त, नाहीतर राळ तडकते. ती काढताना आधी तोंडाकडून तापवायचं. बुडाकडून तापवली तर खालची राळ पातळ होऊन फुगते, वर घट्ट राळेचंच बूच. पोट वेडंवाकडं होतं, सांधाही उकलतो.

शेवटी चिंचेच्या पाण्यात उकळी. तावाने काळं पडलेलं तांब्याचं ऑक्साइड आम्लात विरघळतं आणि वर जवळपास शुद्ध चांदीचा पातळ थर उरतो. नव्या भांड्याचा दुधी पांढरेपणा तो हाच.

रुखवतातलं भांडं जाणती बाई आधी हातात तोलून बघते. चांदी ही शोभाही आणि शिल्लकही. मोडीत घालताना वजनाचे पैसे मिळतात, नक्षीची मजुरी बुडते. म्हणून उष्टावणाची वाटी साधी पण जाड बघून घेतात. गुलाबदाणी मात्र पातळ पत्र्यातही भारदस्त दिसते, कारण उठावामुळे पत्र्याला ताठपणा येतो. पोकळ मुठी, मूर्ती यांत राळ किंवा लाख तशीच ठेवलेली असते. बिलावर निव्वळ चांदीचं वजन वेगळं लिहून घ्यावं.

काळी पडलेली चांदी म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. ॲल्युमिनियमच्या कागदावर भांडं टेकवून लिटरभर गरम पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घातला, की गंधक ॲल्युमिनियमकडे जातं, चांदी भांड्यावरच राहते. पण नक्षीच्या खोबणीत मुद्दाम ठेवलेला काळेपणाही त्यात निघून जातो. आणि राळ भरलेली वस्तू गरम पाण्यात घालूच नये, ती मऊ होऊन सांध्यातून बाहेर येते.